प्रयुक्ताला प्रयोग मनोरंजक वाटला

भाचीचं मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलचं जर्नल जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. ती आंघोळीला गेली होती, चहा गाळायचा होता, आणि समोर लिहिलेलं काही दिसलं की वाचायचं ही माझी जुनी खोड. उघडलं. डावीकडच्या कोऱ्या पानावर आलेख, उजवीकडे रेघांवर समस्या, गृहीतक, साहित्य, सूचना, पद्धती असं सगळं ओळीनं. अक्षर गोल, मथळे हिरव्या शाईनं अधोरेखित. शेवटाकडे 'अंतर्निरीक्षण' (म्हणजे प्रयोग करताना मनात काय झालं ते) असा मथळा आणि खाली दोन वाक्यं: 'प्रयुक्ताला प्रयोग मनोरंजक वाटला. सुरुवातीला अवघड वाटले, परंतु सरावाने सोपे झाले.'

प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतात तो, आणि हा प्रयुक्त म्हणजे माझी आई. आणि तो प्रयोग झाला तेव्हा मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मेथी निवडत बसले होते.

आरशात बघून तारा काढायचा प्रयोग. कागदावर एक तारा छापलेला असतो, दुहेरी रेषांचा. त्या दोन रेषांच्या मधल्या गल्लीतून पेन्सिल फिरवत पूर्ण फेरी मारायची. मात्र हात थेट दिसू द्यायचा नाही, मध्ये पुठ्ठा आडवा धरायचा आणि समोर उभ्या केलेल्या आरशात बघूनच काढायचं. कॉलेजात त्यासाठी नीट उपकरण असतं. घरी आम्ही पोह्यांच्या डब्याला टेकवून दाढीचा आरसा उभा केला आणि मिठाईच्या खोक्याचं झाकण पुठ्ठा म्हणून वापरलं. सरळ रेषेवर कसंबसं जमतं, पण ताऱ्याच्या टोकाशी आलं की पेन्सिल जागच्या जागी थरथरायला लागते. डोळे सांगतात पुढे जा, हात मागे येतो. आपण चूक दुरुस्त करायला जावं आणि नेमकी तीच चूक वाढत जावी, असा प्रकार. भाची मोबाइलवर सेकंद मोजत होती आणि पेन्सिल रेषेबाहेर गेली की शेजारच्या कागदावर टिंब काढत होती. आई पहिल्या टोकाशी अडकली ती अडकलीच. दोन-तीनदा पेन्सिल उचलली (उचलायची नसते), परत ठेवली, आणि आरशातून नजर न काढता म्हणाली, "हात माझाच आहे पण ऐकत नाहीये. तुझ्या आजोबांचं असंच व्हायचं. चमचा तोंडाकडे न्यायला जायचे आणि तो गालावर जायचा. मी ओरडायचे, अहो नीट धरा की. मला काय माहीत आतून असं असतं ते."

मग म्हणाली, "चल, पुढे काय करायचं?"

पुढे तिनं सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या. वेळ कमी होत गेला, टिंबं कमी होत गेली, आलेखाची रेषा पुस्तकात असते तशी छान उतरत आली. माझी मेथी निवडून झाली. बाबांना झटका आल्यानंतरच्या त्या वर्षांबद्दल आई काही बोलत नाही. बोलली तर औषधांच्या किमती आणि रात्रपाळीच्या मावशींच्या दांड्या, एवढंच. ती त्यांच्यावर ओरडायची हे आम्हा बहिणींना माहीत होतं, ते तिलाही इतकं आठवत असेल हे मला माहीत नव्हतं. आणि जर्नलात उतरलं काय, तर प्रयोग मनोरंजक वाटला.

ते वाक्य मात्र माझ्या ओळखीचं होतं. आमच्या वेळीही हेच वाक्य होतं. आमच्याकडे आतासारखं मेजर-मायनर नव्हतं, स्पेशल (म्हणजे मुख्य विषय) आणि जनरल होतं. मी टी.वाय.ला मानसशास्त्र स्पेशल घेतलं. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याशेजारची एक लांबट खोली, तिचा अर्धा भाग भूगोलवाल्यांच्या नकाशांनी अडवलेला. लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात सगळं ठेवलेलं असायचं: दृष्टिभ्रम मोजायची म्यूलर-लायरची सरकणारी पट्टी, पाठ करायचे शब्द एकेक करून दाखवत खट् खट् फिरणारा मेमरी ड्रम, भाटियांच्या बुद्धिमापन चाचणीची लाकडी पेटी, रेव्हनच्या बुद्धिचाचणीच्या, साठ आकृत्यांच्या, कडा मऊ पडलेल्या पुस्तिका. बऱ्याच चाचण्यांवर प्रकाशकाचा पत्ता आग्र्याचा नाहीतर वाराणसीचा असायचा. आपल्याकडे जसं येरवडा नाहीतर ठाणं म्हणतात तसं उत्तरेत वेड्यांच्या इस्पितळासाठी आग्र्याचं नाव घेतात, त्यावरून होणारा विनोद दर वर्षी नव्या बॅचला नव्यानं सुचायचा. परीक्षेला प्रत्येकीनं आपापला सब्जेक्ट, म्हणजे प्रयुक्त, आणायचा असे. कॉमर्सच्या मुली, धाकटी भावंडं, कॅन्टीनमध्ये बशा उचलणारा पोरगा, ज्याला मिसळीवर पटवता येईल तो. सायकॉलॉजी शिकलेला नसावा आणि दुपारपर्यंत पळून जाऊ नये, या दोनच अटी. सब्जेक्ट लोक व्हरांड्यात रांगेनं बसलेले असायचे, लसीकरणाला आल्यासारखे. आणि त्यांचं अंतर्निरीक्षण आम्ही आदल्या रात्रीच पाठ केलेलं असायचं. मनोरंजक वाटला. सरावाने सोपे झाले. सिनिअर मुलींच्या जर्नलांतून ते आमच्याकडे आलं, आमच्याकडून ज्युनिअर मुलींकडे गेलं, आणि आता इतक्या वर्षांनी दुसऱ्याच शहरातल्या कॉलेजातून ते आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पोचलं होतं.

गंमत अशी की जर्नलातला हा शेवटचा, कुणीही न वाचणारा परिच्छेद या विषयाचा मूळपुरुष आहे. १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला वुंट या मानसशास्त्रज्ञानं प्रयोगशाळा काढली तेव्हा तिथे माणसाला विचारलं जायचं ते हेच: ठोका ऐकलास, प्रकाश पाहिलास, त्या क्षणी आत काय झालं ते सांग. म्युन्स्टरबर्ग त्याचा विद्यार्थी. हार्वर्डला म्युन्स्टरबर्गकडे शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता. त्यांच्या हाती १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात देशातला पहिला स्वतंत्र मानसशास्त्र विभाग आला. पुणे विद्यापीठात १९५० मध्ये विभाग सुरू झाला तोही 'प्रायोगिक मानसशास्त्र' या नावानं. दाढीचा आरसा आणि पोह्यांचा डबा थेट लाइपझिगपर्यंत नेऊन भिडवता येतो, मध्ये माणसं फार नाहीत.

पण अंतर्निरीक्षणाची पुढे पार दैना झाली. वुंटचाच शिष्य टिचनर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि त्यानं ते इतकं कडक केलं की निरीक्षकाला टेबल दिसलं तर 'टेबल' म्हणायची चोरी. तपकिरी रंग, अमुक आकार, अमुक उजेड एवढंच सांगायचं, वस्तूचं नाव घेतलं की चूक धरली जायची. तिकडे जर्मनीत वुर्झबर्गला क्यूल्पे या मानसशास्त्रज्ञाच्या मंडळींना असे विचार सापडले ज्यांना मनात कसलंच चित्र नसतं. टिचनरच्या माणसांना मात्र प्रत्येक विचाराबरोबर काहीतरी चित्र सापडायचंच. खरं कुणाचं, हे ठरवायचं कसं? दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन बघता येत नाही. १९१३ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसननं हे सगळंच बाजूला सारलं, वर्तन बघा, मोजा, आतलं सोडून द्या म्हणाला, आणि पुढची काही दशकं अमेरिकेत त्याच्याच बाजूचं चाललं. वाडा पाडून इमारत उभी राहिली तरी आवारातलं तुळशीवृंदावन कुणी हलवत नाही, तसा तो परिच्छेद आमच्या जर्नलात राहून गेला. बरं, आईचं बोलणं टिचनरनंही घेतलं नसतं. त्याला हाताच्या स्नायूंतला ताण हवा होता, गालावर गेलेला चमचा नको होता. म्हणजे ज्यांनी आतलं विचारायचं ठरवलं त्यांनाही ते नकोच होतं, आणि ज्यांनी आतलं सोडलं त्यांना तर नाहीच.

आणि तरी या ताऱ्याच्या प्रयोगात लोकांच्या खरी लक्षात राहिलेली गोष्ट एका प्रयुक्ताचं बोलणंच आहे. एच. एम. नावानं आम्ही त्याला शिकलो. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, अमेरिकेत त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागाचा दोन्ही बाजूंचा बराचसा हिस्सा गेला. झटके कमी झाले, पण नवीन काही लक्षात राहणं संपलं. मॉन्ट्रिअलहून येणाऱ्या ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला हाच आरशातला तारा काढायला दिला, तीन दिवस. रोज त्याला हा प्रयोग नवीनच वाटायचा, आधी कधी केल्याचं आठवायचं नाही, आणि हात मात्र रोज सुधारत गेला. हाताची आठवण आणि माणसाची आठवण या मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात हे त्यावरून कळलं, आणि स्मृतीबद्दलच्या साऱ्या समजुती बदलल्या. आलेख महत्त्वाचा आहेच. पण शेवटी तो स्वतःच चकित झाला, हे कठीण जाईल असं वाटलं होतं पण बरंच चांगलं जमलंय की, अशा अर्थाचं काहीतरी बोलला, आणि मिल्नरबाईंनी ते पुढे सांगितलं. 'सरावाने सोपे झाले' हे वाक्य ज्याला कधीच म्हणता आलं नसतं असा तो प्रयुक्त. सराव केल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं.

सायकॉलॉजी घेतलं म्हटल्यावर लोक काय काय विचारतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर असतो त्या वर्षी काय होतं तेही. घरातला एक काका गॅसचा नॉब दोनदा तपासतो म्हणून त्याला लगेच लेबल लागतं, आणि मग परीक्षेच्या आसपास स्वतःलाच तीन-चार आजार निघतात. मला जास्त आठवतात त्या आमच्या निरर्थक अक्षरांच्या दुपारी. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्मृतीवरचं काम छापलं, त्यासाठी त्यानं सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले होते आणि पाठ करणाराही तो स्वतःच होता. आम्हाला मराठीत वीस-पंचवीस करायचे होते: व्यंजन, स्वर, व्यंजन. वाटतं सोपं. 'चूळ' नको, चूळ भरतात. 'ढब' नको, ढब असते. 'डूख' कुणीतरी मोठ्या उत्साहानं काढलं तर बाई म्हणाल्या, डूख धरून बसतात ते काय मग? 'ठीव' अगदी पक्कं निरर्थक म्हणून लिहिलं, तर कोल्हापूरकडची एक मुलगी म्हणाली, "आमची आजी म्हणती की, ते हितं ठिव." लोळून हसलो होतो. वि. वि. कामतांनी धारवाडला बसून १९३४ साली फ्रान्सच्या बिनेची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, तिचं नाव आम्ही टिपांत फक्त सालासाठी पाठ करायचो. त्या दुपारनंतर मात्र मला कळलं की त्या माणसानं एकेका प्रश्नाशी किती झटापट केली असेल. पॅरिसच्या पोराला विचारलेला प्रश्न बेळगावच्या पोराला विचारायचा, आणि तो तेवढाच अवघड राहायला हवा.

या अभ्यासातली मला सर्वांत नकोशी वाटणारी गोष्ट होती सूचना. प्रयुक्ताला सूचना वाचून दाखवायची, प्रत्येकाला तीच, शब्दाचाही फरक नाही. मध्येच त्यानं "असं का?" विचारलं तर सूचना पुन्हा तशीच वाचायची. मदत करायची नाही. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. 'छान', 'अरेरे', काहीही नाही. मराठी घरात वाढलेल्या मुलीला हे किती अवघड! समोरचा अडला की आपण लगेच तोंड घालतो. मला तेव्हा ते माणूसघाणं वाटायचं आणि अजूनही थोडं वाटतंच. पण माझं मत विचाराल तर बी.ए.च्या तीन वर्षांत फ्रॉइड, मास्लो, पावलॉवचं कुत्रं यांच्यापेक्षा अंगात मुरलं ते हेच: समोरचा अडलाय आणि आपण काही न करता तिथे बसून आहोत, पळून न जाता, सल्ला न देता.

पुढे मी एम.ए. केलं नाही. समुपदेशन करायचं तर त्यापुढचं शिक्षण हवं, क्लिनिकल म्हणवायचं तर पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी, आणि घरी बाबांचं आजारपण. बँकेची परीक्षा दिली. सायकॉलॉजीवाल्या बहुतेक जणींचं असंच काहीतरी झालं. एक एच.आर.मध्ये, एक शाळेत, दोघी एमपीएससीत. वाया गेलं का, असं लोक विचारतात. मी नोव्हेंबरमध्ये शाखेत येऊन बसा म्हणते.

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. सकाळी शटर वर जायच्या आत पेन्शनर मंडळी पायरीवर हजर. स्वेटर, कापडी पिशवी, पिशवीत पासबुक, प्लास्टिकच्या पाकिटात आधार. आता बोटाच्या ठशावर होतं, पण म्हातारी बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत तेव्हा पुन्हा कागद आणि सही. गेल्या खेपेला एक निवृत्त शिक्षक आले होते. आमच्याकडच्या नमुना सहीत अक्षरांना जी वळणं होती ती आता फॉर्मवर नुसती शिरशिरत होती. माझ्या शेजारचा मुलगा चांगल्या मनानं म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका, सावकाश करा." पुढची सही आणखी बिघडली. नियमाप्रमाणे अंगठा आणि दोन साक्षीदार असं चालतं, ते त्यानं सुचवलं. गुरुजींनी मान हलवली. आयुष्यभर पोरांना सही शिकवलेला माणूस, त्यानं अंगठा द्यायचा? मग त्यांनी खिशातून कॅलेंडरचं एक फाडलेलं पान काढलं, घडी उलगडली. मागची सगळी कोरी बाजू सह्यांनी भरलेली होती, एकाखाली एक. "काल घरी बरोबर येत होती," ते म्हणाले.

मला मानसशास्त्रज्ञ झायन्स आठवला. त्यानं १९६५ मध्ये मांडलं होतं की कुणी बघत असलं की माणसाला सवयीचं काम जास्त चांगलं जमतं आणि अवघड काम आणखी बिघडतं. सहीइतकं सवयीचं काम नाही, पण गुरुजींसाठी ते आता अवघड कामांत जाऊन पडलं होतं. मी त्या मुलाला आतून एक रजिस्टर आणायला पाठवलं, नवा फॉर्म गुरुजींपुढे सरकवला आणि स्क्रीनकडे वळून काहीबाही टाइप करत राहिले. बराच वेळ. फॉर्म परत आला तेव्हा सही हुबेहूब नव्हती, पण 'र'चं वळण ओळखू येत होतं. मी पास केली. गुरुजींनी कॅलेंडरच्या पानाची पुन्हा चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. आमच्या फॉर्मवर 'काल घरी बरोबर येत होती' हे लिहायला कुठेही जागा नाही, जर्नलात निदान तो हिरवा मथळा तरी आहे.

तर भाची केस पुसत आली तेव्हा मी हा सगळा राग मनात घेऊनच बसले होते. म्हटलं, आजी काय बोलली ते ऐकलंस ना तू? मग हे काय लिहिलंयस? तिला वाटलं काहीतरी व्याकरणाची चूक काढतेय. मग लक्षात आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मावशी, ते मुद्दाम नाही लिहिलं. ते आजीचं खाजगी आहे. जर्नल सबमिट होतं, वर्गात सगळ्या एकमेकींची बघतात. आजीनं तारा काढायला संमती दिली होती, आजोबांबद्दल लिहायला नाही." मी जर्नलाचं पहिलं पान पुन्हा पाहिलं. प्रयुक्ताचं नाव: नुसती आद्याक्षरं. आमच्या वेळी पूर्ण नाव, वय, शिक्षण, कधीकधी पत्तासुद्धा असायचा आणि त्याखाली बुद्ध्यंक लिहिलेला, आणि ती जर्नलं वर्षानुवर्षं व्हरांड्यात कपाटावर पडून असायची. त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. "तुमच्या एच. एम.चं नाव पण तो २००८ ला जाईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं ना?" ती म्हणाली. हेन्री मोलेसन. बरोबर होतं.

तिचं अर्थशास्त्र मेजर आहे. मानसशास्त्र मायनर, मोजक्या क्रेडिट्सचं, आणि नीतिनियम पहिल्याच युनिटमध्ये. मला आपलं वाटत होतं की मायनरवाल्यांना कुठलं एवढं कळतंय.

तरी मला ते पुरतं पटलेलं नाही. खाजगी म्हणून गाळणं आणि तिथे काहीही चालतं म्हणून छापील वाक्य लिहिणं, या दोन्हींतून कागदावर एकच ओळ उतरते. बाहेरून आलेल्या परीक्षकांना फरक कळायचा कसा? मनोरंजक वाटला म्हणण्यापेक्षा जागा कोरी तरी सोडावी, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, कोरी सोडली तर दोन मार्क जातात. आई आतून ओरडली की दोघींचा चहा निवतोय आणि तिचा मिठाईचा खोका कुणी फाडला.

पुढच्या आठवड्यात तिचा स्ट्रूपचा प्रयोग आहे. 'लाल' हा शब्द हिरव्या रंगात लिहिलेला असतो आणि आपण शब्द न वाचता रंग सांगायचा. तिला चाळिशीच्या पुढचा सब्जेक्ट हवाय, तिच्या बाबांना ती घेणार नाही कारण ते प्रत्येक सूचनेवर वाद घालतात. मी तयार झाले. विचारलं, माझं अंतर्निरीक्षण मीच लिहून दिलं तर चालेल का? म्हणाली, चालेल, पण तीन ओळींत बसव, आणि त्यात बँक आणू नकोस.